गुडघाभर पाणी म्हणजे किती? : नववीच्या वर्गातील एका अर्जाचे प्रकरण

पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीच्या सपाट पट्ट्यात, मुख्य गावापासून अडीच किलोमीटरवर असलेल्या एका वस्तीतून आमच्या शाळेत अकरा मुले-मुली पायी येत असत. वस्ती आणि गाव यांच्यामध्ये एक नाला आहे आणि त्यावर रपटा आहे, म्हणजे कठडे नसलेला, पाणी वाढले की पाण्याखाली जाणारा बुटका सिमेंटचा पूल. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे आमचे सत्र सुरू होते तेच ऐन पावसात. त्या वर्षी जुलै आणि ऑगस्टच्या हजेरीपटात या अकरा जणांच्या नावांपुढे एकाच दिवशी एकत्र गैरहजेरीच्या खुणा पडू लागल्या. वर्गशिक्षक म्हणून कारण विचारले, की "सर, पाणी होतं" एवढेच उत्तर मिळे. मी नववीला मराठी शिकवत होतो आणि त्याच सुमारास औपचारिक पत्रलेखनाचा भाग शिकवायचा होता. काल्पनिक विषय देण्याऐवजी ग्रामपंचायतीला खराच अर्ज लिहावा, असे मी ठरवले. त्या अर्जाचे पुढे जे झाले, त्याची ही नोंद आहे. मुलांची, गावाची आणि शाळेची नावे दिलेली नाहीत.

वर्गातील सर्वांनी अर्ज लिहिले आणि मी त्यांतील सर्वांत चांगला निवडला. तो लिहिणारी मुलगी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धांतून बक्षिसे मिळवणारी, सुवाच्य अक्षराची आणि भरपूर वाचन असलेली होती. विषयाच्या ओळीत "रपट्याच्या समस्येबाबत" असे होते. मजकुराची सुरुवात "वरील विषयास अनुसरून सविनय विनंती अर्ज सादर करण्यात येतो की" अशी होती. त्यानंतर पाणी हे जीवन असले तरी तेच कधी कधी जिवावर कसे उठते, विद्यार्थी हे देशाचे भावी आधारस्तंभ कसे आहेत आणि शिक्षणाची गंगा दारोदारी पोहोचवायची तर वाटा कशा हव्यात, असे पाऊण पान होते. शेवटी "तरी आपण या गंभीर समस्येकडे जातीने लक्ष देऊन योग्य ती कार्यवाही करावी" ही विनंती होती. शुद्धलेखनाच्या दोन चुका मी सुधारल्या आणि दहापैकी नऊ गुण दिले. दोन मुलांना सोबत घेऊन अर्ज ग्रामपंचायतीत दिला, आवक क्रमांक टाकून पोच घेतली आणि एक चांगला उपक्रम पार पडला, असे समाधान मानून मी पुढच्या पाठाकडे वळलो.

तीन आठवड्यांनी मुलांनीच विचारले, "सर, अर्जाचं काय झालं?" आम्ही पुन्हा कार्यालयात गेलो. ग्रामसेवकांनी फाईल काढली, आमच्यासमोर अर्ज शांतपणे वाचला आणि चार प्रश्न विचारले. गावाच्या हद्दीत तीन रपटे आहेत, त्यांपैकी हा कोणता? पाणी नेमके कधी चढते? तुम्हाला कठडा हवा, उंची वाढवून हवी की नवा पूल हवा? आणि तो रस्ता ग्रामपंचायतीचा आहे की जिल्हा परिषदेच्या यादीतला? माझ्यासोबत आलेली वक्तृत्वपटू मुलगी आणि वर्गप्रमुख, दोघेही एकमेकांकडे पाहत राहिले. मलाही उत्तरे ठाऊक नव्हती. ग्रामसेवक हसून म्हणाले, "अर्ज छान आहे सर, पण यात मी करण्यासारखं काय लिहिलंय?" या प्रश्नाला उत्तर देता न आल्याने जो संकोच वाटला, त्यातूनच पुढचे सगळे काम उभे राहिले.

त्याच दुपारी वस्तीवरच्या एका मुलाला मी हा प्रसंग सांगितला. हा मुलगा वर्गात क्वचित बोलणारा आणि निबंधात जेमतेम उत्तीर्ण होणारा होता. तो लगेच म्हणाला, "सर, घरून निंगतो तवा पाणी नसते. वरतं पाऊस झाला का अर्ध्या घंट्यात येते. आमाले रपट्यापाशी गेल्यावरच कळते. मंग थांबा, नाही तं वापस जा. त्या दिवशी दोन लहाने पोट्टे अंदाजानं उतरले, त्यायले समजलंच नाही पाणी किती हाय." कोण, कुठे, कधी, किती वेळात आणि धोका नेमका कशात, हे सगळे या पाच-सहा वाक्यांत होते. पाणी येते हा धोका खरा, पण त्याहून मोठा धोका पाणी किती आहे हे न कळण्यात आहे, ही गोष्ट आमच्या पाऊण पानाच्या अर्जात शोधूनही सापडली नसती. मी त्याच मुलाने वर्गात लिहिलेला अर्ज काढून पाहिला. त्यात चार ओळी होत्या आणि चारही गाईडमधल्या होत्या. ज्याला सगळे माहीत होते, त्याने लिहिताना त्यातले काहीच लिहिले नव्हते.

हे का होते, याचा विचार करताना मला मुलांच्या भाषेपेक्षा माझ्या वर्गाची रचना जास्त दोषी दिसली. वर्गात मूल जे काही लिहिते, ते अशा माणसासाठी लिहिते ज्याला उत्तर आधीच माहीत आहे. मी "पाण्याची समस्या" हा विषय दिला, तर वाचणारा मीच, समस्या मला ठाऊक, अर्जाचा साचाही मीच दिलेला. अशा वाचकाला काही कळवायचे उरतच नाही, त्यामुळे मूल आपल्याला साचा येतो एवढेच दाखवते. दहावीच्या मराठीच्या, म्हणजे कुमारभारतीच्या, ८० गुणांच्या लेखी परीक्षेत उपयोजित लेखनाला, म्हणजे पत्र, निबंध अशा लेखनाला, २४ गुण आहेत. हे गुण मिळवण्याची खात्रीची वाट म्हणून साचा पाठ करणे मुलांना आणि आम्हा शिक्षकांनाही सोयीचे वाटते. बोलण्याची गत याहून वेगळी नाही. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, आणि त्यातली तोंडी परीक्षा बहुतेक शाळांत कशी उरकली जाते, हे शिक्षकांना सांगायला नको. २०१८-१९ या वर्षी राज्य मंडळाने भाषा विषयांचे हे अंतर्गत गुण बंद केले, मार्च २०१९ चा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्याच वर्षापासून ते गुण परत आले. त्या वादात गुण किती घटले यावर पुष्कळ बोलले गेले, पण त्या वीस गुणांच्या निमित्ताने मुले खरोखर काय बोलायला शिकत होती, हा प्रश्न माझ्या आठवणीत आमच्या शिक्षकखोलीतही कोणी काढला नाही. मीही काढला नव्हता.

पहिला प्रयत्न मी चुकीचा केला. वस्तीवरच्या मुलाला वर्गासमोर उभे करून तीच हकिकत सांगायला लावली आणि तो बोलत असताना फळ्यावर त्याचे शब्द दुरुस्त करत गेलो: "निंगतो" खोडून "निघतो", "आमाले" खोडून "आम्हाला", "वापस" खोडून "परत". हेतू चांगला होता, पण चौथ्या दुरुस्तीनंतर तो थांबला, "सर, तुमीच सांगा" म्हणून जागेवर बसला आणि पुढचे चार-पाच दिवस तोंड उघडेना. बोली सुधारण्याच्या नादात मी त्याच्या माहितीचा झरा बंद केला होता. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत लिहिता यायला हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, कारण कार्यालये त्याच भाषेत चालतात. पण काय सांगायचे आहे ते पक्के होण्याआधीच कसे सांगायचे यावर बोट ठेवले, की मूल सांगण्याचा विषयच सोडून देते आणि सुरक्षित अशा पाठ वाक्यांकडे वळते. यानंतर आम्ही क्रम बदलला. आधी बोलीत पूर्ण सांगायचे, मग लिहायचे आणि शुद्धलेखन सर्वांत शेवटी पाहायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे ऐकणारा बदलला. आमच्या शाळेतील विज्ञानाच्या मॅडम रोज तालुक्याहून येत आणि त्यांनी ती वस्ती कधीच पाहिली नव्हती. मी त्यांना विनंती केली, की त्यांनी वर्गाकडे पाठ करून बसावे, मुलांनी वस्तीची वाट फक्त बोलून सांगावी आणि त्यांनी ऐकून फळ्यावर नकाशा काढावा. मुलांना हा खेळ वाटला. पहिल्याच वाक्यात अडचण आली. "शाळेतून निघालं का तिकडं वळायचं" असे एकाने सांगितले आणि मॅडमनी खडू हातात धरून विचारले, "तिकडं म्हणजे कुठं?" मुलाने हाताने दाखवले, पण मॅडमची पाठ होती. वर्ग हसला. पुढच्या वीस मिनिटांत "तिकडं", "तिथं", "ते", "त्याच्या बाजूनं", "मग पुढं" हे शब्द एकेक करून पडत गेले आणि त्यांच्या जागी मारुतीचे देऊळ, पाण्याची टाकी, डावीकडची पांदण, तिसरा विजेचा खांब असे शब्द आले. समोरासमोर बोलताना हात, नजर आणि दोघांना माहीत असलेले गाव हे अर्धे काम करत असतात. कागदावर त्यांतले काहीच उरत नाही, हे मी वर्षानुवर्षे तोंडाने सांगत आलो होतो. पाठ करून बसलेल्या एका माणसाने ते अर्ध्या तासात पटवून दिले.

सर्वांत जास्त वेळ मात्र एका शब्दावर गेला. पाणी किती चढते, असे मॅडमनी विचारल्यावर सगळ्यांनी एका सुरात "गुडघाभर" म्हटले. मॅडमनी विचारले, "कुणाच्या?" मुलांना आधी थट्टा वाटली, पण मग टेप आणून मोजमाप झाले. वस्तीवरून येणाऱ्या पाचवीतल्या मुलीचा गुडघा जमिनीपासून ३७ सेंटीमीटरवर आला, नववीतल्या सर्वांत उंच मुलाचा ४८ वर. म्हणजे एकाच शब्दात अकरा सेंटीमीटरचा फरक लपला होता आणि तो नेमका लहान मुलांच्या जिवावरचा होता. पुढे चर्चेत आणखी एक गोष्ट उघडी पडली. "गुडघ्यापर्यंत असलं तर जाता येते" असे मुलांनी सहज गृहीत धरले होते आणि मसुद्यात तसे लिहिलेही होते. मॅडमनी त्यावर कडक हरकत घेतली. साचलेले पाणी आणि वाहते पाणी यांत फरक असतो, वेगाने वाहणारे पंधरा-एक सेंटीमीटर पाणीही मोठ्या माणसाचा पाय सरकवू शकते, हे त्यांनी सांगितले. मुलांच्या घरांत गुडघा हीच सुरक्षिततेची रेघ होती. "गुडघाभर" हा शब्द मोजल्याशिवाय ती रेघ चुकीची आहे हे कोणालाच कळले नसते, आणि मी तर तो शब्द कित्येक निबंधांत बिनदिक्कत बरोबर म्हणून सोडून दिला होता.

यानंतर मागणी काय करायची हा प्रश्न राहिला. बहुतेकांना पूल हवा होता. वर्गप्रमुखाने ग्रामसेवकांना विचारून आणले, की तो रस्ता जिल्हा परिषदेच्या यादीतील ग्रामीण मार्ग आहे आणि पुलाचे काम ग्रामपंचायतीच्या हाती नाही. त्यामुळे पुलाची मागणी वेगळ्या कार्यालयाकडे, वेगळ्या अर्जाने आणि मोठ्यांच्या सह्यांनी जायला हवी होती. मग ग्रामपंचायत पुढच्या पावसाळ्यापूर्वी करू शकेल असे काय आहे, यावर दोन तास गेले. वस्तीवरच्या मुलाचे म्हणणे पहिल्या दिवसापासून एकच होते, पाणी किती हे काठावरून कळले पाहिजे. त्यातून पाणीपातळीच्या खांबांची कल्पना निघाली. मला हा टप्पा लेखनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. "योग्य ती कार्यवाही करावी" हे वाक्य मुले लिहितात ते नम्रता म्हणून, पण त्याचा खरा अर्थ "काय करायचे ते आम्ही ठरवलेले नाही, तुम्हीच ठरवा" असा असतो.

लेखनासाठी आम्ही त्या मुलाचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले, वर्गाने ते जसेच्या तसे वऱ्हाडीत उतरवले आणि मग वाक्यागणिक प्रमाण मराठीत आणले. नियम एकच होता, की भाषांतर होताना एकही माहिती गळता कामा नये. इथे कर्मणी रचनेचा त्रास झाला. मुलांना वाटे, की "करण्यात यावे", "लावण्यात यावेत", "निदर्शनास आणून देण्यात येते" असे लिहिले म्हणजे अर्ज भारदस्त होतो. एका मुलाने "लहान मुले पाण्यात उतरली" याचे "लहान मुलांकडून पाण्यात उतरण्यात आले" असे केले. मी ते वाक्य मोठ्याने वाचायला लावले, तेव्हा तो स्वतःच हसला. शेवटचा मसुदा असा झाला:

"विषय: वस्तीच्या वाटेवरील रपट्याला पाणीपातळी दाखवणारे दोन खांब लावण्याबाबत. महोदय, आमच्या शाळेतील अकरा विद्यार्थी वस्तीवरून रोज पायी येतात. वाटेत, गावापासून दीड किलोमीटरवर, नाल्यावर रपटा आहे. वरच्या भागात पाऊस झाला की साधारण अर्ध्या तासात रपट्यावर पाणी चढते. पाणी गढूळ असल्यामुळे ते किती खोल आहे हे काठावरून कळत नाही. जुलै आणि ऑगस्टमध्ये आमची नऊ दिवस शाळा बुडाली आणि एकदा दोन लहान मुले अंदाजाने पाण्यात उतरली. रपट्याच्या दोन्ही टोकांना एकेक खांब लावावा, त्यावर दर १५ सेंटीमीटरला पट्टा रंगवावा आणि पहिल्या पट्ट्याच्या वर लाल रंग द्यावा, म्हणजे लाल रंग बुडू लागला की परत फिरायचे हे लहान मुलांनाही कळेल. जागेचा नकाशा सोबत जोडला आहे."

पहिल्या अर्जाच्या तुलनेत हा निम्म्याहून लहान होता. वक्तृत्वपटू मुलीला तो आवडला नाही. "सर, यात काही वजनच नाही," असे ती म्हणाली आणि तिचे दुःख मला समजू शकले, कारण तिला आजवर ज्या गोष्टींसाठी शाबासकी मिळाली त्या सगळ्या आम्ही वगळल्या होत्या आणि ती शाबासकी देणाऱ्यांत मी पहिला होतो. नकाशाखालच्या सूचना लिहिण्याचे काम तिने मागून घेतले आणि ते उत्तम केले. पण या संपूर्ण प्रकरणात सर्वांत अवघड वाट तिचीच होती, हे मला नोंदवायला हवे. ज्याला लिहिता येत नाही त्याला शिकवणे सोपे आहे, ज्याला सुंदर लिहिता येते असे सगळे म्हणतात त्याच्या हातून एक विशेषण काढून घेणे कठीण आहे.

ग्रामसेवकांनी सुचवले, की अर्ज दिलाच आहे तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मुलांनी विषय मांडावा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ नुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि सभेचे सदस्य गावातील मतदार असतात, म्हणजे मुलांना तिथे बोलायचे तर सरपंचांच्या परवानगीनेच. ती मिळाली, दोन मिनिटांची. तयारीत पाठांतर करायचे नाही, असे आम्ही ठरवले. तीन मुद्दे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्यायचे आणि मधली वाक्ये दरवेळी नवी बोलायची. मुले मोकळ्या वर्गात, मैदानावर, एकदा तर पिठाच्या गिरणीच्या आवाजात बोलून पाहत होती. वक्तृत्वपटू मुलीला सुरुवात करायची होती आणि तिने सवयीने "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग" असे सुरू केले. मागे बसलेले लोक आपापसांत बोलू लागले, कारण ही वाक्ये सुरू झाली की पुढे ऐकण्यासारखे काही येत नाही, हे गावाला अनुभवाने माहीत असते. ती गोंधळली, पण थांबून थेट रपट्यावर आली आणि आवाज खाली आला.

नंतर वस्तीवरचा मुलगा उभा राहिला. त्याचे हात थरथरत होते. त्याने पाणी कसे येते ते सांगितले, लहान मुलांची गोष्ट सांगितली आणि मागणी सांगायचीच विसरून बसायला निघाला. सरपंचांनी विचारले, "अरे, पण मंग पाह्यजे काय तुमाले?" तो वळला आणि म्हणाला, "दोन खांब. एक या टोकाले, एक त्या टोकाले. पट्टे पंधरा सेंटीमीटरचे. पह्यल्या पट्ट्याच्या वर लाल." एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, की ढोरे लागली तर खांब टिकतील का. मुलगा म्हणाला, "सिमेंटचे लावा, लोखंडी नको, चोरी जाते." सभा हसली. तो शेतकरीही हसला आणि त्याने मान डोलावली. हे उत्तर आमच्या तयारीत नव्हते.

खांब लागले ते डिसेंबरात, म्हणजे त्या पावसाळ्यात त्यांचा काही उपयोग झाला नाही. पुलाच्या मागणीचा वेगळा अर्ज वस्तीवरच्या मोठ्या माणसांच्या सह्यांनी जिल्हा परिषदेकडे गेला आणि ही नोंद लिहीपर्यंत पूल झालेला नाही. वार्षिक परीक्षेत पत्रलेखनाचा प्रश्न वृक्षारोपणासाठी रोपे मागवण्याचा होता. वस्तीवरच्या मुलाने लिहिले, "आम्हाला कडुनिंबाची वीस रोपे हवी आहेत, त्यांपैकी बारा रस्त्याच्या कडेला लावायची आहेत." वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी मात्र पुन्हा "वरील विषयास अनुसरून"पासूनच सुरुवात केली होती. मी विचारले तेव्हा एकाने प्रांजळपणे सांगितले, "सर, ते रपट्याचं खरं होतं. हे पेपरातलं आहे." त्याला काय उत्तर द्यावे, हे मला त्या दिवशी सुचले नाही.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये खांबांचा लाल रंग उन्हा-पावसाने फिका पडला. वस्तीवरची मुले ग्रामपंचायतीत गेली आणि रंग पुन्हा देण्यासाठी अर्ज देऊन आली. मला ते कळले पोच घेतलेली प्रत पाहिल्यावर. पाच ओळींचा अर्ज होता. कोणत्या खांबाचा रंग गेला, केव्हापासून आणि किती पट्टे, एवढेच त्यात लिहिले होते. "फिका" हा शब्द त्यांनी "फीका" असा लिहिला होता.